सार्वजनिक बागेंतील पक्षी व शेतकऱ्याचा हिशेब

शेतावर येणाऱ्या पक्ष्यांसंबंधानें आपण शेतकरी बहुधा एकच शब्द वापरतों, तो म्हणजे "पांखरें". पांखरें बसलीं, पांखरें उठलीं, पांखरांनीं कणसें फोडलीं, असें आपण म्हणतों. परंतु तीं कोणतीं पांखरें, आणि त्यापूर्वींच्या आठ-दहा महिन्यांत त्यांनीं आपल्या शेतांत काय केलें, याची चौकशी क्वचितच होते. ज्या बैलाचें वय, चाल व खोड आपणांस ठाऊक नाहीं, तो आपण बाजारांतून विकत घेत नाहीं. मग जो जीव बारा महिने आपल्या शेतांत वावरतो, त्याची ओळख करून घेण्यास आळस कां करावा?

ही ओळख शेतांत होणें मात्र कठीण आहे. शेतांतला पक्षी माणसास भितो, कारण माणूस दिसला कीं गोफण किंवा डबा वाजणार हें तो जाणतो. बागेंत तसें नसतें. तेथें माणसें रोज येतात, बसतात व निघून जातात. कोणी दगड उचलीत नाहीं. यामुळें जो पक्षी शेतांत शंभर हातांवरून उडून जातो, तोच बागेंत दहा-पंधरा हातांवर निर्धास्तपणें चरतांना दिसतो. सबब पक्ष्यांचा पहिला धडा बागेंत घ्यावा व दुसरा शेतांत, असें आमचें मत आहे. त्यासाठींच हा लेख लिहिला आहे.

कोठें व केव्हां पाहावें

वर्धा जिल्ह्यांतील शेतकऱ्यास या कामासाठीं दोन जागा विशेष सोईच्या आहेत. पहिली सेवाग्राम आश्रमाचें आवार. वर्धा शहरापासून तें सुमारें आठ किलोमीटरांवर आहे. महात्मा गांधी १९३६ सालच्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस शेगांव या खेड्यांत राहावयास आले. या गांवाचें नांव पुढें १९४० सालीं सेवाग्राम असें झालें. गांधीजींनीं १९३६ सालीं लावलेला पिंपळ व कस्तुरबांनीं लावलेली बकुळ तेथें आजही दाखवितात. जुनीं झाडें, मोकळें अंगण आणि शांतता या तिन्ही गोष्टी एकत्र असल्यामुळें पक्ष्यांस हें आवार मानवतें. दुसरी जागा गोपुरी येथील गीताई मंदिर. १९८० सालीं पुरें झालेल्या या मंदिरास छप्पर नाहीं. गीताईचे श्लोक कोरलेल्या शिळा उघड्या आकाशाखालीं उभ्या आहेत, आणि सभोंवार झाडें व हिरवळ आहे. बाजार समितींत माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यानें गाडी लावून एक तास इकडे काढल्यास त्याचा कांहीं खोळंबा होत नाहीं.

सूर्योदयानंतरचा पहिला दीड तास सर्वांत चांगला. हिवाळ्यांत स्थानिक पक्ष्यांबरोबर परदेशांतून आलेले पाहुणेही दिसतात. हिंडत बसूं नये. एखाद्या फळलेल्या किंवा फुललेल्या झाडाजवळ अर्धा तास स्वस्थ बसावें. दुर्बीण असल्यास उत्तम, नसल्यास अडत नाहीं. वहींत तीन गोष्टी टिपाव्यात: चोंच कशी आहे, पक्षी कोठें बसला आहे, आणि तो काय खात आहे. नांव न कळलें तरी चालेल. या तीन गोष्टी कळल्या म्हणजे काम झालें. अवजार पाहिलें कीं तें पेरणीचें कीं कापणीचें हें जसें आपण सांगतों, तसेंच चोंच पाहून पक्ष्याचा धंदा सांगतां येतो. त्या धंद्याप्रमाणेंच आम्हीं पुढें वर्ग पाडले आहेत.

पहिला वर्ग: जमिनीवर चरणारे

हिरवळीवर प्रथम नजरेस पडते ती साळुंकी. अंग तपकिरी, चोंच, पाय व डोळ्यांभोंवतालची कातडी पिवळी, आणि उडतांना पंखावर पांढरा डाग. ती चिमणीसारखी टुणटुण उडत नाहीं, पाय टाकीत चालते. गवतांतून चालतां चालतां ती नाकतोडे व अळ्या टिपते. शास्त्रज्ञांनीं तिच्या कुळास दिलेल्या नांवाचा अर्थच "टोळांची शिकार करणारा" असा आहे. अठराव्या शतकांत मॉरिशस बेटावर टोळांच्या बंदोबस्तासाठीं ती हिंदुस्थानांतून मुद्दाम नेण्यांत आली होती. परंतु याच साळुंकीस ऑस्ट्रेलियांत नेऊन सोडल्यावर ती तेथील पक्ष्यांचीं घरटीं बळकावूं लागली, व आज तेथें ती उपद्रवी गणली जाते. एकाच पक्ष्याचा जमाखर्च दोन ठिकाणीं दोन प्रकारचा निघतो, हें येथेंच लक्षांत ठेवावें.

साळुंकीच्या जवळच डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला हुदहुद दिसेल. त्याची चोंच लांब, बारीक व किंचित् वांकलेली असते. ती जमिनींत खुपसून तो आंतल्या अळ्या व कोष बाहेर ओढतो. जें काम करण्यास आपणांस उन्हाळी नांगरटीशिवाय दुसरा उपाय नाहीं, तें हा आपल्या परीनें फुकट करतो. झाडाखालच्या पाचोळ्यांत कलकलाट करीत पानें उलथणारी मातकट रंगाची टोळी म्हणजे सातभाई. त्यांचाही मुख्य आहार किडे होय. गायबगळा बागेंत कमी, पण पाणी दिलेल्या हिरवळीवर उतरतो. नांगरामागें चालणारा हाच तो पांढरा बगळा. वीण जवळ आली कीं त्याचें डोकें व मान केशरी होते. तासांतून उघड्या पडलेल्या हुमणीवर तो व साळुंकी एकदमच तुटून पडतात.

दुसरा वर्ग: फांदीवरून झेप घेणारे

उघड्या फांदीवर किंवा तारेवर एकटा बसलेला काळा कुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी म्हणजे कोतवाल. तो बसल्या जागेवरून झेप घालतो, किडा धरतो व परत त्याच जागीं येतो. पांच मिनिटें घड्याळ लावून त्याच्या झेपा मोजाव्यात, म्हणजे त्याच्या कामाचा अंदाज येतो. कावळा व घार यांस तो आपल्या घरट्याजवळ फिरकूं देत नाहीं, म्हणून त्याच झाडावर दुसरे लहान पक्षी निर्भयपणें घरटीं बांधतात. कोतवाल हें नांव त्यास शोभतें.

त्याचाच जोडीदार नीलपंख. बसलेला असतांना तो मळकट दिसतो, परंतु पंख उघडतांच निळ्या रंगाचे पट्टे चमकतात. दसऱ्यास याचें दर्शन शुभ मानतात. तो मोठे नाकतोडे व भुंगे धरतो. वर्ध्याच्या बहार नेचर फाउंडेशन या संस्थेनें २०१८ सालीं नागरिकांचें मतदान घेऊन शहराचा पक्षी निवडला, तेव्हां हा मान नीलपंखास मिळाला. शहरानें त्यास मान दिला. परंतु त्याचें पोट भरतें तें शेतांत, हें आपण विसरूं नये.

हिरवा, सडपातळ वेडा राघू उडते किडे हवेंतच पकडतो. त्यांत मधमाशाही असतात. म्हणून ज्यांच्या शेतावर मधपेट्या आहेत त्यांनीं त्याच्या नांवें थोडा खर्च मांडावा. झुडपांत पानें शिवून घरटें करणारा शिंपी अगदीं लहान, परंतु पानांखालच्या बारीक अळ्या शोधण्यांत तरबेज असतो.

तिसरा वर्ग: फळें खाणारे

पिंपळ, वड किंवा उंबर फळला म्हणजे बाग गजबजून जाते. भांडें ठोकल्यासारखा "टुक टुक" आवाज येतो तो तांबटाचा. त्याचें कपाळ व गळ्याखालचा पट्टा लाल असतो. काळा नर कोकीळ व ठिपकेदार मादी, शेपटीखालीं लाल असलेला बुलबुल आणि मोठ्या वांकड्या चोंचीचा राखी धनेश हे सर्व तेथें जमतात. धनेशाची मादी झाडाच्या ढोलींत बसून आंतून तोंड लिंपून घेते. एक बारीक फट तेवढी राहते, आणि तींतून नर तिला चारा भरवितो. जुनें, पोकळ खोड नसेल तर धनेशाचा संसार होत नाहीं.

हे पक्षी पेरू व बोरें यांचें नुकसान करतात, हें खरें. पण आपल्या धुऱ्यावर न लावतां उगवलेला कडुनिंब, चंदन किंवा उंबर कोणी पेरला, हा प्रश्न प्रत्येकानें स्वतःस विचारावा. फळ खाऊन दुसऱ्या झाडावर बसणाऱ्या या पक्ष्यांनींच तें बीं आणून टाकलें. घाणेरीचें बींही त्यांनींच आणलें. तेंही हिशेबांत धरावें.

चौथा वर्ग: दाणे खाणारे

येथें खर्चाची बाजू जड आहे. पोपटाविषयीं शेतकऱ्यानें रागावूं नये असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्वारी, मका, सूर्यफूल, मिरची व पेरू यांवर तो धाड घालतो, आणि खातो त्याहून अधिक कुरतडून खालीं टाकतो. त्याचा बंदोबस्त करणें अवश्य आहे. मात्र त्यास पकडून पिंजऱ्यांत ठेवणें अथवा मारणें हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याप्रमाणें गुन्हा आहे.

चिमणी व सुगरण यांची गोष्ट निराळी. मोठे पक्षी दाणा खातात, परंतु पिलांस कोवळा चारा लागतो, म्हणून तीं त्यांना अळ्या व किडे भरवितात. चीन देशांत १९५८ सालीं चिमणी धान्य खाते म्हणून तिचा सरसकट संहार करण्याची मोहीम सरकारनें चालविली. पुढें किडींचा उपद्रव वाढला, आणि १९६० सालीं चिमणीचें नांव त्या यादींतून काढून तेथें ढेकणाचें नांव घालावें लागलें. त्या काळांतील चिनी दुष्काळास इतरही मोठीं कारणें होतीं. परंतु खर्चाचें एकच पान वाचून केलेला हिशेब कसा फसतो, याचें हें ठळक उदाहरण आहे.

हिशेब कसा मांडावा

या बाबतींत भोरडीपासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. गुलाबी अंग, काळें डोकें व काळे पंख असलेले हे पक्षी पावसाळ्याच्या अखेरीस मध्य आशियांतून थव्यांनीं आपल्याकडे येतात व उन्हाळ्याच्या आरंभीं परत जातात. ज्वारीच्या कणसांवर त्यांचा थवा उतरला म्हणजे शेतकऱ्याच्या पोटांत गोळा येतो. तेच पक्षी फाल्गुनांत बागेंतील सांवरीच्या व पळसाच्या फुलांवर मध पीत बसतात. तेव्हां त्यांच्या चोंचीस व कपाळास लागलेला पराग एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातो. आणि जेथें ते वीण घालतात त्या प्रदेशांत त्यांचा मुख्य आहार टोळ हा असतो. चीनच्या शिनजियांग प्रांतांत टोळ मारण्यासाठीं या पक्ष्यांनीं यावें, म्हणून त्यांच्या घरट्यांकरितां दगडविटांचे ढीग मुद्दाम रचून ठेवतात. आपण ज्याला हांकलतों, त्याला तेथला शेतकरी घर बांधून देतो! दोघांचेंही वागणें आपापल्या जागीं रास्त आहे.

यावरून नियम असा निघतो कीं, "हा पक्षी मित्र आहे कीं शत्रु?" असा प्रश्न करूं नये, "हा पक्षी या महिन्यांत, या पिकांत काय खातो?" असा करावा. पुसा येथील शेतकी संशोधन संस्थेंत मेसन या संशोधकानें पक्ष्यांच्या पोटांतील अन्न तपासून हाच मार्ग घालून दिला. मॅक्सवेल-लेफ्रॉय या कीटकशास्त्रज्ञाच्या संपादनाखालीं तें काम १९१२ सालीं प्रसिद्ध झालें. पोटांत सांपडलेला किडा शेतीस अपायकारक, उपकारक, कीं दोन्ही नव्हे, हेंही त्यांत पाहिलें होतें. आपणांस पोट चिरण्याची गरज नाहीं. बागेंत बसून चोंचींत काय आहे तें पाहिलें तरी पुरें.

रात्रीचा राखणदार

जुन्या चिंचेच्या किंवा कडुनिंबाच्या ढोलीकडे सायंकाळीं पाहावें. दोन-तीन पिंगळे दाटीनें बसलेले व मान वळवून आपल्याकडेच पाहत असलेले दिसतील. अंधार पडतांच ते भुंगे, नाकतोडे व लहान उंदीर यांच्या शिकारीस निघतात. त्यांचा थोरला भाऊ गव्हाणी घुबड तर मुख्यतः उंदरांवरच जगतो. असें असून घुबडाचें ओरडणें अशुभ समजून त्यास मारणारे लोक अजून आहेत. पहाटे दारीं येऊन पांखराची भाषा सांगणाऱ्या पिंगळ्याच्या झोळींत आपण पसाभर धान्य घालतों, आणि धान्याची राखण करणाऱ्या झाडावरच्या पिंगळ्यास दगड मारतों, हें विचारी माणसास शोभत नाहीं.

पिंगळा, धनेश, पोपट, साळुंकी या सर्वांस ढोल्या लागतात, व ढोली जुन्याच झाडास होते. २०२० सालीं वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करण्यासाठीं जुनीं झाडें तोडण्यास आरंभ झाला, तेव्हां वर्ध्याच्या नागरिकांनीं त्यास विरोध केला. रस्त्याची गरज कोणी नाकारीत नाहीं. परंतु नवें रोप लावल्यानें छाया दहा-पंधरा वर्षांनीं मिळते आणि ढोली त्याहून पुष्कळ उशिरा, हें अशा वेळीं हिशेबांत धरलें पाहिजे.

येथें आमचीही एक चूक सांगितली पाहिजे. चार तास वाढतील या लोभानें आम्हीं एका वर्षीं आमच्या हरभऱ्याच्या शेताच्या धुऱ्यावरील दोन बाभळी व एक बोर तोडून टाकली. तास चारच वाढले. पूर्वीं त्या झाडांवर हिवाळाभर कोतवालांचीं दोन जोडपीं बसत. त्या हंगामांत एकही दिसलें नाहीं. घाटेअळी वाढली आणि फवारणी पूर्वींपेक्षां दोन वेळां अधिक करावी लागली. अळी केवळ झाडें गेल्यामुळेंच वाढली असें एका वर्षाच्या अनुभवावरून आम्ही ठामपणें म्हणणार नाहीं. तथापि तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांपाशीं उभे राहून फवाऱ्याचें विष कालवितांना आम्हांस जें वाटलें, तें कोणा शेतकरी बंधूस वाटूं नये, एवढीच इच्छा आहे.

शेतावर काय करावें

(१) हरभरा व तूर या पिकांत घाटेअळीच्या बंदोबस्तासाठीं एकरीं सुमारें वीस पक्षीथांबे लावावेत. पिकाहून थोड्या उंच काठीवर आडवी काठी बांधली कीं थांबा तयार होतो. तूर पेरतांना बियाण्यांत थोडी ज्वारी मिसळल्यास तिचीं धाटेंही थांब्यांचें काम देतात.

(२) जेथें पोपट व चिमण्या दाण्यावर उतरतात, तेथें दाणा भरूं लागतांच थांबे काढून घ्यावेत. जो थांबा पौषांत कोतवालास उपयोगी, तोच पुढें पोपटास बैठक होतो.

(३) थांब्यांकडून भलती अपेक्षा करूं नये. पऱ्हाटीवरील गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आंत असते, तेथें पक्ष्याची चोंच पोंचत नाहीं. त्यासाठीं कामगंध सापळे, वेळेवर पऱ्हाट्या उपटणें व फरदड न घेणें हेच उपाय करावेत.

(४) दाणे खाणाऱ्या पक्ष्यांपासून राखण दाणा दुधांत आल्यापासून कापणीपर्यंतच करावी लागते. मचाण, गोफण व चमकत्या फिती यांचा उपयोग याच दिवसांत करावा, व जागा रोज बदलावी. कारण पक्षी लवकर सरावतात. शेजाऱ्यांनीं ज्वारी एकाच वेळीं पेरल्यास नुकसान वांटलें जातें. एकट्याचेंच शेत पिकलें तर सर्व थवा तेथेंच येतो.

(५) विषांत भिजविलेले दाणे शेतांत कदापि टाकूं नयेत. विष पोपट व साळुंकी असा भेद करीत नाहीं. मेलेला पक्षी कुत्र्यानें किंवा घुबडानें खाल्ला म्हणजे तेंही मरतें, आणि पावसानें तेंच विष ओढ्यास मिळतें. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें शेतकरी व मजूर मृत्युमुखी पडले. जें विष धडधाकट माणसास सोडीत नाहीं, त्याचा एक थेंबही पांखरास पुरे होतो. शिवाय हें कृत्य कायद्यानें गुन्हा आहे.

(६) धुऱ्यावर निदान एक जुनें झाड राखावें. वाळलेली फांदी छायेस निरुपयोगी असली तरी नीलपंख व कोतवाल यांस तीच आवडते. ती धोक्याची नसल्यास राहूं द्यावी. वैशाखांत विहिरीजवळ पाण्याची एक कुंडी भरून ठेवावी.

बागेंतील धड्याचा उपयोग इतकाच कीं, पुढच्या खेपेस शेतांतून थवा उठला म्हणजे आपल्या तोंडून नुसतें "पांखरें" असें न निघतां साळुंक्या, कोतवाल किंवा भोरड्या असें नेमकें नांव निघावें, व हात गोफणीकडे जाण्यापूर्वीं महिना व पीक आठवावें. ज्या वाचकांस सवड असेल त्यांनीं एका झाडाचें किंवा एका शेताचें बारा महिन्यांचें टिपण ठेवावें: तारीख, पीक, पक्षी व त्याचें खाणें. असें टिपण आमच्याकडे पाठविल्यास तें या मासिकांत आनंदानें छापूं. अशीं दहा टिपणें जमलीं म्हणजे आपल्या जिल्ह्यांतील पक्ष्यांचा जमाखर्च आपणच मांडलेला असेल, आणि त्यावरून कोणास राखावें व कोणास केव्हां हांकावें हें ठरवितां येईल.